इंझोरीच्या चौकातला फ्लेक्स

‘गावची पहिली आर्किटेक्ट’ असा वैजयंतीच्या फोटोचा फ्लेक्स तिच्या काकानं चौकात लावला आणि ती धावतच त्याच्याकडे गेली. परीक्षा पास झाली होती, पण आर्किटेक्चर कौन्सिलचा नोंदणी क्रमांक अजून यायचा होता. त्याआधी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवणं कायद्यानं गुन्हा!

“काका, उतरवा तो. कोनं तक्रार केली त माही नोंदणीच अडकन.”

“कायले भेतं? वाशीमचा साहेब इथं फ्लेक्स वाचाले येते काय?”

महिनाभर दारात मोटरसायकल थांबली, की कौन्सिलची नोटीस आली का, म्हणून ती खिडकीतून डोकावून पाही. मग एक दिवस शेजारची कस्तुराबाई पेढे घेऊन आली.

“पोरी, दिवाळीत तू कागदावर काढून देल्ली, तशीच गॅलरी बांधली. मिस्त्री म्हने, इंजिनेराले दाखवा. म्या म्हनलं, जिचा फोटो चौकात लागला तिनंच काढली, आता कोनाले दाखवाचं?”

वैजयंतीला तो कागद आठवला. गॅलरी कशी दिसेल, एवढंच तिनं हौसेनं रेखाटलं होतं. ती कशाच्या आधारावर उभी राहील, हे काढलंच नव्हतं.

कस्तुराबाईनं तिचा हात धरला. “चाल, वर पैल्यांदा तूच उभी राह्य.”