सभेनंतरचं सारवण

आमच्या ठाण्याच्या घरी दर रविवारी दुपारी सभा भरायची. सभा कसली, हे आणि यांचे चार वकील-मास्तर स्नेही. फ्रान्स-जर्मनीकडच्या पंडितांनी राज्य, धर्म, रूढी यांबद्दल काय लिहिलंय ते वाचायचं आणि मग तोंडाला फेस येईतो वाद घालायचा. मी दाराआड तांदूळ निवडत ऐकायची. यांनीच मला वाचायला शिकवलं होतं, त्यामुळे कळायचंही. प्रत्येक रूढीला बुद्धीच्या कोर्टात उभं करून तिची उलटतपासणी घ्यावी, हे यांचं लाडकं वाक्य.

फ्रेंच पुस्तकं वाचून दाखवायला बाळकुमचा एक किरिस्ताव तरुण येई. तो पाद्री व्हायला त्यांच्या मठातल्या शाळेत गेला होता, तिथे फ्रेंच शिकला आणि शिक्षण अर्धवट टाकून बापाच्या भातशेतीवर परतला. असली पुस्तकं वाचतो म्हणून गावच्या पाद्रीने त्याला त्यांच्या देवळात यायची बंदी केली. बाप बोलेनासा झाला, ठरलेली सोयरीक मोडली. त्याने रविवार सोडला नाही. आता मला बसायला एवढी एकच जागा उरली आहे, असं तो एकदा यांना म्हणाला. यांचा हात त्याच्या पाठीवर थाप मारायला उचलला गेला आणि मधूनच वळून आपल्याच शेंडीवर गेला.

टीका करणाऱ्याने स्वतःला वगळलं तर ती टीका नव्हे, नुसती कुचाळकी, असं तो फार सांगे. मंडळी वाहवा करत.

त्याला लांब चालायचं असल्यामुळे तो आधी उठायचा. तो फाटकाबाहेर पडला की हे आत बघून खाकरत. ती मला खूण. मी शेणाचं घमेलं आणायची आणि तो बसला होता तेवढी ओसरी सारवायची. त्याशिवाय कोणी फराळाला हात लावत नसे. झोपाळ्यावरचे पाय वर घेत आणि वाद चालू ठेवत. आधी तत्त्व पक्कं होऊ द्यावं, आचाराचं मागाहून बघता येईल, वगैरे. खाली माझा हात फिरतोय आणि वर समता चाललीय. शेणाची मला कधी किळस वाटली नाही. त्या बोलण्याची वाटायची.

एका रविवारी छत्री विसरली म्हणून तो वाटेतून परत आला. मी ओणवी, हात शेणाने भरलेले, मंडळींचे पाय अधांतरी. वाद एकदम थांबला. हे घाईघाईने म्हणाले की आईच्या मनासाठी करावं लागतं, वडीलधाऱ्यांपुढे इलाज नसतो. सासूबाई तेव्हा नणंदेच्या बाळंतपणासाठी कल्याणला होत्या आणि ही गोष्ट यांनीच त्याला त्या दुपारी सांगितली होती.

त्याने यांच्याकडे पाहिलंही नाही.

"वहिनी, दर रविवारी?" त्याने मला विचारलं.

मी मान डोलावली. त्याने कोपऱ्यातली छत्री घेतली आणि ओलं सारवण मोडू नये म्हणून कडेकडेने निघून गेला.

पुढल्या रविवारी तो आला नाही. पुस्तक अर्ध्यावर पडून होतं, पुढचं कोणालाच वाचता येईना. मग मंडळींनी त्यालाच विषय केला. किरिस्तावांना टीका सोसत नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. हे वाक्य बोलताना त्यांच्या जिभा जराही अडखळल्या नाहीत. नंतर यांनी फराळ आणायला सांगितलं, वर हसून म्हणाले की आज तुझी सारवणातून सुटका.

मी फराळ न आणता घमेलं घेऊन बाहेर आले. पाहुण्यांसमोर मी तोवर कधी तोंड उघडलं नव्हतं. नुसते पाय वर घेऊन आज भागायचं नाही, सगळ्यांनी अंगणात उतरावं, असं मी सांगितलं.

"अगं, आज तो आलाच नाही," हे म्हणाले.

"तो आला नाही," मी म्हटलं, "पण आपण सगळे बसला होतात ना."

आणि हे बसतात तिथून मी सारवायला घेतलं.