मासिक उत्पन्न : हंगामावर

"ताई, फायनल टेबल! लाइव्ह लाव, पटकन!" विनूचा, माझ्या धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी नाशिकला गंगापूर रोडवर भाजी घेत होते. गोव्याच्या पोकर स्पर्धेत शेवटच्या नऊ जणांत आमचा विनू! मेथीची जुडी तिथंच टाकून घरी पळाले. तिसरा आला पठ्ठ्या! मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले... चार दिवसांनी हार्ट अटॅकनं गेला. छत्तिसाव्या वर्षी. दीड महिना झाला, अजून राग येतो मला त्याचा.

पत्ते म्हणजे जुगार, हे पिंपळगावात द्राक्षबाग असलेल्या आमच्या वडिलांचं, आप्पांचं ठाम मत. चूक तरी कसं म्हणू? बुडालेली घरं आम्हीही पाहिलीत. पण विनू रोज सकाळी आठला वही घेऊन बसायचा, खेळलेले डाव तपासायचा, स्वतःच्या चुकांखाली लाल रेघ मारायचा. दहा वर्षं त्यानं त्यावरच पोट भरलं. जो भेटेल तो विचारायचा, किती सुटतात रे? तो हसत खरं ते सांगायचा. पेपरात वीस लाख छापून येतात, त्यातले निम्मे ज्यानं आपली प्रवेश फी भरली त्या भागीदाराचे, मग टॅक्स, मग हरलेल्या स्पर्धांचा खर्च... वर्षाकाठी हातात उरायचं एखाद्या शिक्षकाच्या पगाराइतकं, एखाद्या वर्षी तेही नाही. आणि बहुतेकांची अवस्था याहून वाईट, हेही तोच सांगायचा.

लग्नाच्या बायोडेटात आप्पांनी परस्पर 'सॉफ्टवेअर, महिना साठ हजार' लिहिलं होतं. मुलीकडचे घर बघायला आले, पोहे खात होते, आणि या शहाण्यानं खिशातलं पेन काढून ते सगळ्यांदेखत खोडलं. वर लिहिलं, 'पोकर. मासिक उत्पन्न : हंगामावर.' स्थळ अर्थातच मोडलं. पाहुणे गेल्यावर आप्पा कडाडले, "हंगामावर? लाज नाय वाटत?"

"आप्पा, आपल्या बागेला कुणी महिन्याचा पगार विचारतं का?"

त्या दिवसापासून आप्पांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. सहा वर्षं! दोघंही एकाच मातीचे हट्टी.

दहाव्यानंतर भेटायला आलेल्या एका पाहुण्यानं नेमकं तेच विचारलं, पत्त्यांत असं किती कमवायचा हो विनायक? मी उसळणारच होते. आप्पा खाली बघत म्हणाले, "बागेला कुणी महिन्याचा पगार विचारतं का?" पाहुण्याला काही कळलं नाही. मी मात्र आत जाऊन मनसोक्त रडले.

विनूच्या भाड्याच्या खोलीतलं सामान मी पिंपळगावला आणून ठेवलंय. वही आप्पांकडे आहे. रोज सकाळी आठला चष्मा लावून बसतात, जमेल तसं वाचतात. शेवटच्या पानावर गोव्याचा डाव आहे, तो तपासायचाच राहिला. परवा मला जवळ बोलावून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "इथं चुकला बघ तो. मी फोनवर बघत व्हतो ना तवा."

लाल पेन त्यांच्या हातातच होतं. रेघ काही त्यांनी मारली नाही.