शपथेवरचा बाप

संतापण्याच्या कामात आमच्या साडभाऊंइतका मेहनती माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात झाला नाही आणि यापुढे होईल असं वाटत नाही. इतर लोक चिडतात आणि चहा आला की विसरतात. साडभाऊ चहावरही चिडत. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, यजमान. वरवट बकालला त्यांची मिरची-कपाशीची शेती. उन्हाळा चिडून काढावा, पावसाळा चिडून काढावा आणि हिवाळ्यात चिडायला काही उरलं नाही, तर बुलढाण्याला माझ्याकडे येऊन माझ्या शाळेच्या वेळापत्रकावर चिडावं, असा त्यांचा वर्षाचा क्रम. एसटी उशिरा आली तर सगळेच चिडतात. हे ती वेळेवर आली म्हणून कंडक्टरला धरत. "आज येता येते, मंग रोज काऊन येत नाही बे?" एकदा तर पहिल्याच फटक्यात नारळ फुटला म्हणून पुजाऱ्याशी भांडले. देवानं माणसाचा थोडा तरी कस पाहावा, असं त्यांचं म्हणणं.

पण त्यांचा खरा वैरी म्हणजे छापील कागद. त्यातला प्रत्येक रकाना म्हणजे कुणीतरी भर चौकात विचारलेला उद्धट प्रश्न, अशी त्यांची समजूत होती. शिरगणतीच्या कारकुनानं बांधावर उभं राहून "व्यवसाय?" असं विचारलं, तेव्हा साडभाऊंनी हातातला नांगर सोडला नाही. "मी काय करून राह्यलो हे दिसून राह्यलं ना तुले? मंग लिही, कीर्तन करतो!" गंमत अशी की कागदाशी एवढं वैर असूनही त्यांनी कागदावर खोटं कधी लिहिलं नाही. शिव्या देत देत खरं लिहीत. या एका गुणानं त्यांचा जेवढा घात केला तेवढा साऱ्या अवगुणांनी मिळून केला नसेल.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली होती. त्यांचा मुलगा उकंडा शेतकीची पदवी घेऊन बसला होता आणि अमेरिकेतल्या एका कॉलेजानं त्याला पुढं शिकायला बोलावलं होतं. पासपोर्ट झाला होता. राहिला होता व्हिसा. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतून इंग्रजी फॉर्म आला आणि मला तार आली : "ताबडतोब निघा." मी आणि बायको घाबरून, पांढरे कपडे घालूनच वरवटला उतरलो. दारात साडभाऊ धडधाकट उभे, हातात फॉर्म. "वाचा! काय काय इचारते पाहा हे लोकं!"

मी वाचून मराठीत सांगू लागलो. अर्जदाराला कधी वेड लागलं होतं का? "लागलं नसंन तं हा फारम भरता भरता लागंन!" अर्जदार भीक मागण्याच्या हेतूनं येतो आहे का? साडभाऊ उठून उभेच राहिले. "भीक? माह्या दारातून भिकारी रिकाम्या हातानं गेला नाही आजपावतो, अन् माह्या घरचा माणूस सात समुद्र वलांडून भीक मांगायले जाईन? लिहा, तुमीच काही लागलं तं सांगा!" अर्जदाराला एकाहून अधिक बायका आहेत का? यावर ते काही बोलायच्या आत अक्का स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बापाच्यानं एक सांभाळणं होत नाही म्हणा." मग छातीचा एक्स-रे पाठवा असं होतं. छातीच्या आतलं पाहणारं सरकार त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. उकंडा, सहा फूट उंच आणि गाईसारखा गरीब, कोपऱ्यात बसून तेवढं म्हणाला, "काका, हे सगळं होईन. शेवटचा कागद दाखवा त्यायले."

शेवटचा कागद वडिलांच्या प्रतिज्ञापत्राचा होता. मी याचा बाप आहे, माझी एवढी जमीन आहे आणि मी याच्या पाठीशी आहे, असं शपथेवर लिहून तहसिलीत सही करायची. मी हे सांगितलं आणि साडभाऊंनी कागदाची नीट घडी घातली. वीस वर्षांच्या ओळखीत मी त्यांना छापील कागद असा जपून धरताना पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "पालक म्हणून सही करतो. शाळेतही तशीच केली." तसा कागद गेला आणि परतही आला. वकिलातीनं विचारलं होतं : वडील हयात आहेत का? असतील तर ते स्वतः का लिहीत नाहीत? उत्तर पंधरा दिवसांत आलं नाही, तर या वर्षीची जागा गेली.

त्यामागची गोष्ट गावाला माहीत होती, मलाच नव्हती. उकंडाच्या आधीचे दोन मुलगे बाळपणीच गेले होते. तिसरा झाला तेव्हा काळाची नजर चुकवायला म्हाताऱ्या बायकांनी त्याला सुपात घालून घरामागच्या उकिरड्यावर ठेवला आणि सगुणामाय सुईणीनं तो उचलला; उकंडा हे नावही त्यावरूनच. "मले सापडला, हा माह्या." त्या दिवसापासून मूल तिचं. आईबापांनी ते वाढवायचं, पण हळद लागेपर्यंत बापानं त्याला 'माझा' म्हणायचं नाही. तसा शब्द साडभाऊंनी दिला होता. बावीस वर्षं ते पोराला 'सगुणीचा' म्हणत आले होते; मी ते टोपणनाव समजत होतो. आणि आता शपथेवर उलटं लिहायचं!

"आठ दिवसांत लगीन लावून टाका," अक्का म्हणाल्या. "हळद लागली की मोकळे."

"आठ दिवसांत पोरगी काय बाजारातून आणू? अन् मंग इचारलं त्यायनं, तं बायको कोठी हाय म्हणून सांगू?"

मलाही राग आला. रात्रंदिवस अभ्यास केलेल्या पोराचं जहाज एका सुपापायी बुडणार! मी म्हणालो, "साडभाऊ, तुम्ही शहाणे आहात, पुजाऱ्यालाही ऐकवता. एक सही करायला काय होतं?"

ते केवढ्यानं तरी ओरडले. अमेरिकेला, वकिलातीला, मला, माझ्या इंग्रजीला. मग ओसरीच्या पायरीवर बसले. "दोन गेले, मास्तर. दोघायलेही मी माह्ये म्हटलं होतं."

त्यानंतर त्यांना काही सांगायची माझी हिंमत झाली नाही. पण अक्कांनी सगुणामायला निरोप धाडला असावा. मुदतीला चार दिवस उरले असताना अक्कांच्या सांगण्यावरून मी साडभाऊंना कसंबसं तहसिलीत नेलं, तर अर्जनवीसाच्या टेबलाशी म्हातारी काठी टेकून उभी आणि काखेत सूप.

"बस बापू याच्यात," ती उकंडाला म्हणाली.

"माय, मी मावत नाही ना!"

"जेवढा मावशीन तेवढा बस."

शेतकीचा पदवीधर, अमेरिकेचा उमेदवार, कचेरीच्या अंगणात सुपात बसला. म्हणजे एक पाय सुपात आणि बाकीचा उकंडा बाहेर. अर्जनवीसानं लेखणी खाली ठेवली. शिपाई जमले. एक हसला, तसा साडभाऊंनी त्याच्यावर असे डोळे वटारले की तो आत जाऊन फायली लावू लागला. म्हातारीनं पोराच्या डोक्यावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "बावीस वर्सं माह्या व्हता. माह्या राजीखुशीनं देऊन राह्यली. घे, तुह्या तुले." साडभाऊंनी धोतराच्या सोग्यात बांधून आणलेली जवारी पोराचं मोल म्हणून तिच्या पदरात घातली. म्हणजे ती येणार हे ठाऊक होतं तर त्यांना!

आत नायब तहसीलदारांनी रीतीप्रमाणे विचारलं, "हा तुमचा मुलगा?" साडभाऊंनी तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. साहेब घड्याळाकडे पाहू लागले. उकंडा खाली पाहत होता. मग ते इतक्या मोठ्यानं "हाव! माह्या हाय!" म्हणाले की बाहेरची कबुतरं उडाली. सही मात्र वाकडी आली.

व्हिसा मिळाला, उकंडा गेला. तो सुखरूप पोचल्याचं पत्र येईपर्यंत साडभाऊ कुणावर चिडले नाहीत. तेवढे दिवस अक्कांना झोप लागली नाही.

पुढच्या वर्षी, कपाशी फुटायच्या सुमारास सगुणामाय गेली. तिला दुसरं कुणी नव्हतं. बातमी ऐकून मी वरवटला पोचलो तेव्हा साडभाऊ नदीवरून परत येत होते. डोकं तासलेलं, मिशाही नाहीत. सुईणीसाठी एवढ्या घरच्या माणसानं डोकं करावं, यावर पारावर कुजबुज चालली होती. मला वाटलं, आता होतं भांडण. पण ते थांबले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "तिचं पोरगं दूर हाय ना. त्याले एवढ्या लवकर येणं झालं नसतं." आणि उघड्या डोक्यावर पंचा घेऊन घराकडे चालू लागले.