बारक्या ढिगातला साहेब

ऐंशीच्या सुमारास पांढुर्ण्याच्या संत्रा बाजारात मी पेट्यांवर पत्ते लिहायचो. समोर एक म्हातारा संत्री निवडत बसे. मोठी दिल्लीला, मधली नागपूरला, बारकी गावातच. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. संत्र्याकडे तो बघायचाही नाही. तळहातावर एकदा तोललं की त्याचा ढीग ठरायचा.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो कामठीच्या छावणीत एका गोऱ्या साहेबाचा अर्दली होता. साहेब त्याआधी विलायतेत पगारावर फुटबॉल खेळायचा. ती हकीकत म्हातारा ढिगांकडे बोट दाखवून सांगायचा.

"पह्यले या मोठ्या ढिगात होता, एक नंबरच्या टीमात. मंग गुडघा गेला, तं मालकानं दोन नंबरच्या टीमाले इकला. मंग त्या बारक्या ढिगात. त्याले कोनी विचारलंच नाही."

"पण खेळायचा कसा?" मी एकदा विचारलं.

"मी तं त्याले गुडघा गेल्यावरच पाह्यलं," तो म्हणाला. मग त्यानं बारक्या ढिगातलं एक संत्रं उचललं, व्यापाऱ्याची पाठ वळली आहे हे बघितलं, आणि ते मोठ्या संत्र्यांच्या पेटीत सर्वांत वर ठेवलं.

मी झाकण ठोकलं आणि त्यावर दिल्लीचा पत्ता लिहिला.