टॉवेलवरची सही

लेकीने शाळेच्या चार्टसाठी काळ्या मार्करचं टोपण काढलं आणि त्या उग्र वासासरशी मी उठून गॅलरीचं दार लावलं.

तेव्हा मी दहा वर्षांची होते, धाकटी बहीण मिनू पाच. बाबांच्या ऑफिसच्या दिवाळी मेळ्याला टीव्हीवरचा उडणारा हिरो आला होता. जवळून त्याचा सूट घामाने भिजलेला दिसत होता आणि हातातल्या मार्करचा वास नाकात जात होता. त्याच्यासारखा केप म्हणून गळ्यात टॉवेल बांधून आलेल्या मिनूला माझ्या सह्यांच्या वहीतलं एक पान हवं होतं. मला द्यायचं नव्हतं. मी म्हटलं, "तू टॉवेलवर घे. सही झाली की त्याची पॉवर टॉवेलमध्ये येते."

तिने तो पिवळा टॉवेल पुढे केला. सही झाल्यावर विचारलं, "अंकल, अब मैं भी उड़ूँगी ना?"

रांगेकडे बघत तो हसला. "बिल्कुल, बेटा!"

दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी पोहोचेपर्यंत मिनू टॉवेलवरच्या सहीवरून बोट फिरवत होती. मी वही उघडून बसले. गॅलरीत स्टूल सरकल्याचा आवाज मला आला होता, पण मी मान वर केली नाही.

आई धावली. कठड्यावर चढलेल्या मिनूला तिने टॉवेल धरूनच मागे ओढलं. गळ्यावरचा वळ कितीतरी दिवस होता.

"हे सगळं त्या टीव्हीमुळे!" आई म्हणाली. मी वही पाठीमागे लपवली.

मिनू आता हा किस्सा हसत सांगते. तीही टीव्हीलाच दोष देते. टॉवेलमधल्या पॉवरची ती थाप माझी होती, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.