खंडेनवमीची खेप

नुकताच धुतलेला ट्रक सकाळच्या उन्हात उभा असला, की त्याच्या पत्र्यावरून बारीक वाफ निघत राहते आणि त्या वाफेला एक वास असतो – ओल्या ताडपत्रीचा, डिझेलचा, काथ्याच्या दोरखंडाचा… आणि दिवस खंडेनवमीचा असेल तर या सगळ्यांवर पसरलेला झेंडूचा, कडवट, थोडासा मातीसारखा. मोशीच्या आमच्या घरापुढे, जिथे आजोबांच्या काळी खळं होतं, तिथे आमचे तीन ट्रक उभे राहत. जमीन कारखान्यांसाठी गेली, तिच्या मोबदल्यातून वडिलांनी – आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू – पहिला ट्रक घेतला, मागून दुसरे दोन आले, आणि बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा आजीने एके दिवशी मुकाट्याने काढून ट्रकच्या आरशांना बांधल्या.

धंदा म्हटला तर साधा. भोसरीच्या लहान कारखान्यांतून लोखंडी सुटे भाग उचलायचे आणि चाकणच्या मोठ्या कंपन्यांत पोचवायचे. पण त्या कंपन्या माल साठवून ठेवत नसत. सकाळी उतरलेला भाग दुपारी नव्या मोटारीत बसलेला असे. त्यामुळे आमच्या घरातली घाई ही कधी आमची नव्हतीच, ती दूर कुठेतरी, कंपनीत, मोटारी जोडत न थांबता सरकणाऱ्या एका पट्ट्याची होती – आणि त्या पट्ट्याच्या तालावर आई भाकरी थापता थापता खांद्याने फोन कानाशी धरी, आप्पा उभ्यानेच चहा पीत, आणि अंगणात दोरखंड आवळणाऱ्या नानाकाकांच्या हातांना उसंत नसे.

नानाकाका म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ. त्यांनी लग्न केलं नव्हतं. ते आमच्यातच राहत. एके काळी त्यांच्यासारखा ट्रक हाकणारा पंचक्रोशीत नव्हता म्हणतात. मी शाळेत जाऊ लागले त्या सुमारास, इंद्रायणीचा पूल ओलांडल्यावर, चिंबळी फाट्याच्या अलीकडे, तिन्हीसांजेच्या धुळीत शिफ्ट सुटून सायकलवरून घरी निघालेला एक कामगार त्यांच्या ट्रकपुढे आला. काकांनी ब्रेक दाबला. ट्रक थांबलाही – थांबायला हवा होता, त्याच्या थोडासा पुढे.

कोर्टाने त्यांचा दोष नाही असं ठरवलं. काकांनी ते मान्य केलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. ते माल चढवून घेत, चाकांची हवा बघत, ताडपत्री ताणत. पण केबिनच्या पायरीवर त्यांचा पाय पडत नसे. आणि तरी तो पाय तिथेच राहिला होता… जेवता जेवता त्यांचा उजवा तळवा एकाएकी फरशीवर करकचून दाबला जाई, ताटाशेजारचा तांब्या हिंदकळे, आणि आम्ही सगळे दुसरीकडे बघू लागत असू.

मी तिसरीत होते, त्या खंडेनवमीला आप्पा तांबडं फुटायच्या आधीच एक ट्रक घेऊन नाशिककडे गेले होते. दुसरा ट्रक तळेगावच्या रस्त्यावर कोंडीत अडकून पडला होता. तिसरा आदल्या दिवशीच भोसरीहून भरून आणलेला, हार घालून, कुंकू लावून अंगणात तयार उभा होता – आणि त्याचा ड्रायव्हर सुभाष, बीडकडचा एक हसतमुख माणूस, दारात आला तो भिंतीला धरूनच. त्याच्या अंगात ताप फणफणत होता. आईने त्याला खाटेवर निजवलं, वर घोंगडी घातली, तरी तो खाटेसकट थरथरत होता.

मग सुरू झाले फोन. आईने ओळखीपाळखीच्या सगळ्या ड्रायव्हरांना फोन लावले. कुणी गावी गेलेला, कुणाची गाडी आधीच दुसऱ्या खेपेला लागलेली, कुणी नुसताच ‘बघतो’ म्हणणारा. मधूनच कंपनीतल्या माणसाचा फोन येई. तोही बिचारा गांजलेलाच.

“वहिनी, माझ्या हातात काही नाही हो. दुपारपर्यंत गाडी गेटात आली नाही तर लाइन थांबेल. मग उद्यापासून तुमच्याऐवजी दुसऱ्याची गाडी.”

आईने फोन ठेवला. अंगणात काका ट्रकच्या मागच्या फळीला आंब्याचा टहाळा बांधत होते. घरात त्यांच्याशिवाय ट्रक चालवू शकणारं कुणी नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. ते गाठीवर गाठ मारत राहिले.

“भाऊजी…”

“न्हाई, वहिनी.”

“दुसरं कोण हाय, सांगा बरं?”

“माझ्यानं न्हाई व्हायचं. त्यो तिथंच उभा असतो. मला दिसतो त्यो.”

आईने सुभाषच्या खाटेकडे एकदा वळून पाहिलं. मग पदर कमरेला खोचत म्हणाली, “मग मी येते तुमच्या शेजारी. पोरीलाबी घेते. आमी दोघी केबिनीत असल्यावर तर चालवाल?”

काका तिच्याकडे बघतच राहिले. त्या नजरेत राग होता की भीती, मला तेव्हा कळलं नाही. आजीला सुभाषकडे लक्ष द्यायला सांगून आईने मला उचलून केबिनमध्ये चढवलं, आणि स्वतः नऊवारीचा ओचा सावरत चढली. ट्रकच्या केबिनमध्ये तिला मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

काकांनी किल्ली फिरवली. इंजिनाची थरथर माझ्या दातांपर्यंत आली. त्यांचे हात सगळं विसरले नव्हते. ट्रक अंगणातून इतका अलगद निघाला, की आरशांच्या घुंगुरमाळा जेमतेम किणकिणल्या. मोशीचा बाजार, झेंडूच्या राशी, आपट्याच्या पानांचे भारे डोक्यावर घेतलेल्या बायका… सगळं मागे सरलं. इंद्रायणीच्या पुलावर खालून पाण्याचा कुबट, शेवाळी वास आला. काकांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता.

पुढच्या वळणानंतर ट्रक थांबला. भर रस्त्यात, मधोमध. मागून हॉर्नचा एकच कल्लोळ उठला.

“वहिनी, उभा हाय त्यो.” काकांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. “सायकल धरून उभा हाय.”

मी काचेतून बघितलं. डांबरी रस्ता, त्यावर पडलेलं ऊन, कडेची धुळीने माखलेली घाणेरीची झुडपं. दुसरं काही नव्हतं. ‘तिथे कुणीच नाही, काका’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते, पण आईने माझ्या गुडघ्यावर हात दाबला आणि ती दार उघडून खाली उतरली.

ती ट्रकच्या पुढे गेली. रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली, डोक्यावरून पदर घेतला, हात जोडले. तिचे ओठ हलत होते, हे मला बाजूने दिसलं. इंजिनाच्या आवाजात शब्द ऐकू आले नाहीत. मग ती वळली, आमच्याकडे. आणि तशीच उभी राहिली… ट्रककडे बघत, काचेकडे बघत, जरुरीपेक्षा कितीतरी जास्त वेळ. मी हात हलवला. तिने हलवला नाही.

शेवटी तिने आमच्याकडे पाठ केली आणि चालू लागली.

“चला, काका,” मी म्हटलं.

काकांनी क्लच सोडला. पुढे आई, डोक्यावर पदर, पायात साध्या वहाणा. आणि तिच्या पाठीमागे, बैलगाडीच्या चालीहूनही हळू, भरलेला, हार घातलेला आमचा ट्रक. मागचे हॉर्न हळूहळू बंद झाले. शेजारून ओलांडणाऱ्या गाड्यांतली माणसं माना वळवून बघत होती. काकांची नजर आईच्या पाठीवरून क्षणभरही हलली नाही. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. फाटा आला तेव्हा ती बाजूला झाली, वर चढली, आणि एवढंच म्हणाली, “चला भाऊजी. उशीर होईल.”

माल वेळेत पोचला. गेटवरच्या पहारेकऱ्याने नऊवारीतल्या बाईला केबिनमधून उतरताना पाहून सलाम ठोकला, कंपनीतल्या माणसाने आम्हाला कॅन्टीनचा चहा पाजला. परतीच्या वाटेवर काकांनी स्वतःहून त्या जागी ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला. ट्रकच्या कपाळावरचा हार काढून त्यांनी घाणेरीच्या बुंध्याशी ठेवला, आणि तिथे उकिडवे बसून ते पुष्कळ रडले. आई मात्र खाली उतरली नाही. ती मांडीवरच्या हातांकडे बघत बसून राहिली.

काका पुढे कित्येक वर्षं ट्रक चालवत राहिले. तांब्यातलं पाणी हिंदकळायचं थांबलं. घराला वाटलं, भूत गेलं. फक्त मला एवढंच दिसत होतं, की पुढच्या खंडेनवमीपासून आईने पूजेचं ताट माझ्या हातात द्यायला सुरुवात केली. “तू लाव कुंकू,” म्हणून ती ओसरीवर मागे राही.

आता अंगण नाही; तिथे इमारत उभी आहे. आप्पा थकल्यावर ट्रक विकले गेले. गेल्या वर्षी काका वारले, झोपेतच, शांतपणे. त्यांचं दिवसकार्य आटोपून पाहुणे पांगल्यावर मी आईला विचारलं, “आई, त्या दिवशी तिथं खरंच कुणी होतं का गं?”

“न्हाई. कुणीबी नव्हतं.”

तिने पदराचा काठ बोटाभोवती गुंडाळला.

“पण वळले ना… तवा गाडी दिसली. आपलीच गाडी, रोज दारात उभी. पण रस्त्यात, इंजिन चालू, आपल्याकडं तोंड करून आलेली कधी बघितलीच नव्हती. केवढी असते गं! आणि काचेत भाऊजी न्हाईत, तू न्हाईस. नुसतं आभाळ दिसत होतं काचेत. म्हटलं, त्या माणसानं हेच बघितलं असंल. आत कुणी हाय, हेबी त्याला दिसलं नसंल.”

“काकांना सांगितलं नाहीस कधी?”

“कशाला? त्यांना झोप लागाया लागली होती.”

आई आता माझ्याकडे असते, पिंपळे सौदागरला. संध्याकाळी आम्ही दोघी भाजी आणायला निघतो. सोसायटीच्या फाटकाबाहेर एखादा ट्रक येताना दिसला, की ती थांबते. ड्रायव्हर भला असला तर वेग कमी करतो, आतून हात करून ‘जा आजी’ म्हणतो. मला त्याचा हात दिसतो, मी तिला सांगतेही. ती पाऊल टाकत नाही. तो थोडा वेळ वाट बघतो आणि गाडी पुढे काढतो. धूळ खाली बसली, की मग आम्ही रस्ता ओलांडतो.