लेबलावरचा हात
नव्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा वास आला की मला निफाडजवळची आमच्या द्राक्षबागेतली पॅकिंगची शेड आठवते. अकरावीला मी सायन्स सोडून कॉम्प्युटर आणि व्यवसायाचा कोर्स घेतला होता, आणि वडील त्यावरून माझ्यावर नाराज होते. बारावीच्या प्रॅक्टिकलला एखाद्या मालाचं लेबल करायचं होतं, म्हणून मी इंटरनेटवरचा द्राक्षांचा फोटो घेऊन आमच्या बागेचं लेबल केलं आणि घाबरतच वडिलांना दाखवलं. “ही आपली नाय. आपला मणी लांबट हाय,” असं म्हणून ते मला बागेत घेऊन गेले. कोवळ्या उन्हात त्यांनी स्वतः घड निवडला, पानं बाजूला केली आणि माझा फोटो काढून होईपर्यंत तो तळहातावर तोलून धरला. तो फोटो लावलेलं लेबल बघून कॉलेजात मॅडम म्हणाल्या, “फोटो छान आहे, फक्त तो हात काढून टाक.” मी काढला नाही. मार्क बरे पडले, आणि त्या हंगामात वडिलांनी तीच लेबलं छापून आणली. टेम्पो भरताना ड्रायव्हरने लेबलाचं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “डिझाईन पोरीचं हाय, हात माझा.” आता नाशिकला मी हेच काम करते, पण माझी याहून चांगली ओळख अजून कोणी करून दिलेली नाही.